शालिग्रामने पसंत केलेली जीप

"ही नको," शालिग्राम म्हणाला, आणि बापूसाहेबांना मनापासून आवडलेली पहिली जीप बाद झाली.

लढाईनंतर फौजेने विकून टाकलेल्या तीन जिपा धारला उमाशंकरच्या आवारात ओळीने उभ्या होत्या. पहिलीला ताजा हिरवा रंग दिलेला होता.

"नको काय? रंग तर बघ!"

"रंग नवऱ्या मुलाचा बघावा, सरकार. गाडीचा नाही." शालिग्राम उकिडवा बसून जिपेच्या पोटाखाली हात फिरवत होता. "इथे चीर आहे. सांधून वर रंग फासलाय. बोट लावा."

बापूसाहेबांनी बोट लावलं. चीर होती. उमाशंकर आकाशाकडे बघू लागला.

बापूसाहेबांचा उदयनगरच्या जंगलात लाकडाचा ठेका होता. लाकूड वाहायचं, ट्रेलर ओढायचा आणि रोजच्या धावपळीला हाताशी असावी म्हणून जीप पाहिजे, असं ते सगळ्यांना सांगत. खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. देवासच्या दवाखान्याकडे निघालेली बैलगाडी अर्ध्या घाटातून परत फिरली. घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

आता धाकट्या दुर्गेला सातवा लागला होता. तिचं सासर धारलाच. घरापासून हाकेच्या अंतरावर दवाखाना, दवाखान्यात डॉक्टरीण. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात कोणी कोणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. व्याही म्हणाले, "दवाखाना काय, कोणालाही मिळतो. माहेर एकच असतं." बापूसाहेबांनाही ते पटलं. म्हणून ते आज जीप घ्यायला आणि तिच्यातूनच मुलीला न्यायला आले होते.

शालिग्राम धार संस्थानच्या मोटारखान्यात बावीस वर्षं होता. संस्थान विलीन झालं, मोटारी लिलावात गेल्या. शालिग्रामवर कोणी बोली लावली नाही. "गाडी निवडून दे, चांगली निघाली तर तूच चालव," असं बापूसाहेबांनी ठरवलं होतं. तो आला तो बायकोला घेऊनच. कुसुमावती दोन पावलं पुढे, तिच्या पदराला लागून हा मागे.

"वहिनी पुढे?" उमाशंकरने डोळा मारला होता.

"संस्थान होतं तोवर मागून चालायची," शालिग्राम म्हणाला. "आता स्वराज्य आहे."

दुसऱ्या जिपेचं तेल त्याने चिमटीत चोळलं, हुंगलं, आणि हात पायजम्याला पुसला. "जळलंय. घाट चढणार नाही ही."

तिसरी पोचे पडलेली, मळकी, एका बाजूला कललेली. शालिग्रामने इंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटले आणि बॉनेटवर तळवा ठेवून वैद्याने नाडी बघावी तसा उभा राहिला. बराच वेळ.

"हीच," तो म्हणाला. "ही ओझं घेऊन घाट चढेल."

"भिया, आदमी नहीं, जादूगर है," उमाशंकर हताशपणे म्हणाला. ती जीप तो भंगारात देणार होता.

चालवून बघायला सगळे किल्ल्यापर्यंत गेले. शालिग्रामचा हात लोण्यासारखा होता. गचका नाही, खडखडाट नाही. मागे बसलेल्या बापूसाहेबांना एकच त्रास झाला. पुढे शालिग्रामशेजारी बसलेल्या कुसुमावतीचं तोंड घडीभर मिटलं नाही.

"हळू हो. डावीकडून टांगा येतोय. थांबा. निघा आता. खड्डा, खड्डा. हं, इथून वळा. शेळ्या बसल्यात समोर."

"गाडी अच्छी है भिया," उमाशंकर बापूसाहेबांच्या कानात म्हणाला, "पर ये हॉर्न बंद नी होता."

सौदा पक्का झाला. बापूसाहेब म्हणाले, "शालिग्राम, नोकरी तुझी. पण बाई जिपेत नको. माझी मुलगी अवघडलेली आहे, तिला ही कटकट सोसायची नाही. पुढे ती बसेल. बाईला नंतर बोलावून घे."

कुसुमावती हात जोडून पुढे आली. "सरकार, मला न्या. पाया पडते. मी मागे बसेन, ट्रंकेवर बसेन—"

"चूप!" शालिग्राम म्हणाला. मग खाली मान घालून, जरा मऊपणे, "दोन वर्षांनी चूल पेटतेय आपली. अन् ताई बसणार आहेत ना शेजारी? मग झालं तर."

इतका समजूतदार माणूस आपल्याला मिळाला, याचं बापूसाहेबांना बरं वाटलं. या बायकोच्या हाताखाली इतकी वर्षं काढली म्हणजे घाट याला काहीच वाटणार नाही, असंही त्यांच्या मनात आलं.

दुर्गा टांग्यातून आली. सासूने डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, दृष्ट काढली. शालिग्रामशेजारच्या जागेवर उशी ठेवून तिला बसवलं. बापूसाहेब मागे, सामानात. कुसुमावती जिपेबरोबर चार पावलं धावली आणि तोंडात पदर कोंबून रस्त्यातच उभी राहिली.

जीप आवाराबाहेर पडली आणि उताराला लागली. वेग आला. कोणी बोलत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच बापूसाहेबांच्या छातीवरचा दगड जरा हलला. या वेळी पोचू, त्यांना वाटलं.

"बोला ताई," शालिग्राम हळूच म्हणाला. "समोर काय आहे?"

नवा ड्रायव्हर थट्टा करतोय असं समजून दुर्गा नुसती हसली.

समोर तलाव होता.