काच नसलेला आरसा

डोंबिवलीच्या महिला मंडळाच्या नाटकात दोन बहिणी होत्या; ती कामं करणाऱ्या गोदू आणि शेवंतीही सख्ख्या बहिणीच. रंगमंचावरच्या आरशाला काच नव्हती, नुसती चौकट. काचेवरून गॅसबत्तीची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांवर जाई, म्हणून ती काढून टाकली होती.

तालमीत गोदू शेवंतीच्या मागे बसून तिची वेणी घालत असताना शेवंती चौकटीत पाहून म्हणाली, “ताई, तुझं कुंकू तिरकं झालंय.”

हे वाक्य नाटकात नव्हतं. कुंकू मात्र खरंच तिरकं होतं.

“पाठीला डोळे आहेत का गं तुला? मला चुकवायला बघतेस!”

प्रयोगात त्याच जागी शेवंती पुटपुटली, “ताई, तुझं कुंकू पुसलं गेलंय.”

गोदूने कपाळाला बोट लावलं. बोटाला लाल लागलं; कुंकू जागेवर होतं. पहिल्या रांगेत तिचे यजमान दौलतराव हसत बसले होते.

मघापासून अगदी तसेच, पापणीही न लवता.