टेबलाची खालची बाजू

“रफ म्हणजे काय?” हेड ऑफिसातून आलेल्या बाईंनी विचारलं, आणि पॉलिशवाल्या काकूंच्या डोक्याची पाटी कोरी झाली.

चारही अर्थ सुनेने पाठ करून घेतले होते. भांडी घासताना दोन, कपडे वाळत घालताना दोन. आता एकही जागेवर नव्हता. सव्वीस वर्षं कारखान्यात लाकूड घासलं, तेव्हा कुठे तपासनीसाच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं. माल परदेशात जाणार, म्हणून परीक्षा इंग्रजीची. जादा पगार काकूंना नको होता असं नाही. पण कच्च्या कामावर मॅनेजरांनी ‘पास’चा शिक्का ठोकला की त्यांचा जीव तळमळायचा. तो शिक्का त्यांना स्वतःच्या हातात हवा होता.

सवयीने काकूंचा हात टेबलाच्या कडेवरून खाली गेला आणि थबकला.

“हे रफ,” त्या म्हणाल्या. “हात लावून बघा.”

बाईंनी हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटात लाकडाचं कुसळ गेलं होतं.

काकूंना धीर आला. बाईंच्या शेजारी बसलेल्या मॅनेजरांसमोर गुणांची आकडेमोड खरडलेला कागद पडला होता. “हेही रफ. पक्कं नंतर लिहिणार ना?”

“आणखी?”

“सोमवारपर्यंत खुर्च्या किती होतील? चाळीसेक. मोजल्या नाहीत, अंदाजाने सांगितलं. तेही रफच.”

“अहो काकू, आटपा! गप्पा मारायला बसलोय का आम्ही इथे?” मॅनेजर खेकसले.

काकूंनी त्यांच्याकडे बोट केलं. “आणि हे चौथं.”

बाई खो-खो हसल्या. हसता हसताच वाकून त्यांनी टेबलाखाली पाहिलं. तिथे ‘पास’चा शिक्का होता आणि शेजारी मॅनेजरांची सही. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मॅनेजर एकाएकी गादीसारखे मऊ झाले.

सकाळपासून तीन उमेदवारांनी याच टेबलाशी बसून चारही अर्थ घडाघडा म्हटले होते. एकाचाही हात खाली गेला नव्हता.

बाईंनी मॅनेजरांच्या पुढ्यातला शिक्का उचलून काकूंसमोर ठेवला. “आता शेवटचं. स्मूद म्हणजे काय?”

काकूंनी बाह्या सरसावल्या.

“पॉलिशपेपर मागवा,” त्या म्हणाल्या. “तासाभरात दाखवते.”