चौथा नियम

“मास्तरीणबाई, हा कट्टा आहे की शाळा?” बोडसांनी पुन्हा डिवचलं.

मधुमेहींच्या त्या ऑनलाइन कट्ट्यावर बोडस लिहायचे, ‘इन्सुलिन सोडा, कारल्याचा रस घ्या.’ ॲडमिन शशिकलाबाई ते लगेच पुसायच्या. शेवटचा, चौथा नियमच होता: औषध सोडायचा सल्ला देऊ नये. पण सगळेच बोडसांची री ओढू लागले, तेव्हा वैतागून बाईंनी तो नियम काढून टाकला. “घाला गोंधळ.”

महिन्याभराने एका सभासदाच्या मुलीने लिहिलं, “आई काल गेली. इन्सुलिन सोडून नुसता रस घेत होती.”

त्याखाली बोडसांनी विचारलं, “अनशापोटी घ्यायच्या ना?”

बाईंनी ते पुसायला घेतलं. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: कोणता नियम मोडला?

त्यांनी यादी उघडली. ती तिसऱ्या नियमावर संपत होती.