शेराचं कुंपण

गिरणीचा संप फसला आणि मुंबईहून परतलेल्या दोघा भावांनी घरापुढचं खळं वाटून घेतलं. तेव्हापासून शेवंता धाकट्या जावेशी एक शब्द बोलली नव्हती. आज ती मधल्या हद्दीवर शेराच्या चिकाळ झुडपांचं कुंपण लावत होती. छाटलेल्या फांद्या सावलीत सुकवायच्या, चीक आटला की मगच रोवायच्या, हे तिला ठाऊक होतं. पण रागाला धीर कुठला! ती ओलेच तुकडे रोवत सुटली. इतक्यात मागे बाबलो किंचाळला. लेकाच्या मुठीत मोडलेली फांदी होती आणि पांढरा चीक डोळ्यांत गेला होता. "आये, माका दिसणा नाय!" शेराच्या चिकाने आंधळा झालेला बैल शेवंताने माहेरी पाहिला होता. चिकाने माखलेले आपले हात तिने मागे ओढले. हाक ऐकून पलीकडून धाकटी धावली. अंगावर पिणारं तान्हं पडवीत टाकून, फांद्यांत अडकलेला पदर तसाच ओढत ती आली. बाबलोला मांडीवर आडवं घेऊन तिने आपलं दूध त्याच्या डोळ्यांत पिळलं. पुन्हा पिळलं. "मी कोण, सांग बघया?" सुजलेली पापणी थरथरत उघडली. "काकी." धाकटीला हुंदका फुटला. डोळे पुसायला तिने पदर उचलला. पदरावर पांढरे ओले डाग होते. दुधाचे की चिकाचे, कळेना. शेवंताने झडप घालून तो पदर मुठीत घट्ट धरला. "डोळ्याक लावू नको गो!"