श्रावणात जोडलेली गिटार

चंपतरावांनी तो कागद भैयाजींच्या अंगावर भिरकावला.

"हा पंजा आहे का गा? एवढुशा पंजाचा माणूस माह्या पोरीले घेऊन पळाला?"

भैयाजींनी कागद उचलून मांडीवर सरळ केला. त्यावर पेन्सिलीनं डाव्या हाताची कड काढली होती. ज्याला गिटार हवी त्यानं आपला डावा पंजा असा उतरवून पाठवायचा, ही चंपतरावांच्या कारखान्याची रीत. तो पाहून ते गिटारीच्या मानेची जाडी ठरवत. नागपुरात हातानं गिटार घडवणारे ते एकटेच होते आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

"त्या घरून मागणी आहे," भैयाजी म्हणाले. गांधीबागेत कापड विकण्यात केस पिकलेला हा जुना दोस्त, शब्दही मोजून फाडायचा. "मान बारीक पाहिजे. मे महिन्यात सदर भागातल्या शाळेच्या हॉलात प्रोग्राम आहे. मुंबईचे मोठे लोकं ऐकाले येऊन राहिले. जमलं तं जिंदगी बनते."

"कोणाची? त्या मास्तुरड्याची?"

"त्या घराचीच म्हणा ना."

विश्वनाथ मास्तर शाळेच्या मोडक्या गिटारी सायकलवर लादून दुरुस्तीला आणायचा. चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी तो दोन गिटारी ठेवून गेला, आणि बुधवारी शामला घरात नव्हती. कोर्टात लग्न झाल्याचं बापाला पानठेल्यावर कळलं. सगळी दुनिया पान चघळत होती आणि हे खुळ्यासारखे उभे! याच भुशात खेळून मोठी झालेली, सरसाचं भांडं ढवळणारी, फळ्यांना पॉलिशपेपर मारणारी पोरगी. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. तिचं नाव घरात काढायचं नाही, असा हुकूम सुटला. कौशल्याबाईंनी तो पाळला, म्हणजे नवऱ्यासमोर तरी पाळला.

नकार अगदी ओठांवर आला होता. बाहेर श्रावणाची झड लागली होती, पत्रे गळत होते. चंपतरावांनी कोपऱ्यातल्या देवदारच्या फळीकडे पाहिलं. मग कागदासाठी हात पुढे केला.

"करतो," ते म्हणाले.

आतून न मागता दुसरा चहा आला, आणि त्यात साखर जास्त होती.

नागपूरच्या हवेत गिटार जगवायची तर वरची पातळ फळी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांतच सरसानं जोडावी लागते. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं. फुगलेलं तसंच जोडलं, तर मे महिन्याच्या तापात ते आकसतं आणि मधोमध उभं तडकतं. पंचवीस वर्षांत चंपतरावांनी श्रावणात सरस तापवला नव्हता.

या वेळी तापवला. फळी आधी दोन दिवस मोरीजवळ उभी ठेवली आणि मग जोडली. मुंबईच्या लोकांसमोर, भर कार्यक्रमात त्या मास्तराच्या मांडीवर गिटार फाटली पाहिजे. चारचौघांत नाक कापलं जाणं म्हणजे काय असतं, ते त्यालाही कळू दे!

बाकी काम त्यांनी चोख केलं. शिसवाची पाठ घातली, मान कागदाबरहुकूम बारीक केली, पॉलिशचे नऊ हात दिले. फक्त गिटारीच्या पोटात आपल्या नावाची चिठ्ठी लावतात, ती लावली नाही. फाटणाऱ्या गिटारीवर स्वतःचं नाव कोण घालेल?

"चांगली होऊन राहिली ना?" कौशल्याबाईंनी एकदा दारातून विचारलं.

"अशी होऊन राहिली वं, का जन्मभर याद राहीन."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. लावू दे, चंपतराव मनात म्हणाले.

दिवाळीत भैयाजी गिटार घेऊन गेले. एप्रिलअखेर दोन पास घेऊन परत आले.

"काय आवाज आहे, चंपतराव! ऐकून माणूस चूप होते."

"फळी ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे? लेकरासारखी जपून राहिले. त्या खोलीत रातदिवस कूलर चालू असते."

हरकत नाही, घरात कूलरची ओल असली तरी हॉलात दिवे असतात. चंपतरावांनी दोन्ही पास ठेवून घेतले.

त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. संध्याकाळी सहालाही वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. चंपतराव इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. गिटारीचा आवाज मागपर्यंत पोचावा म्हणून हॉलचे सगळे कूलर बंद केले गेले. स्टेजवर चार मोठे दिवे लागले. दहा मिनिटं, फार तर पंधरा, त्यांनी हिशेब केला.

टाळ्या झाल्या. विश्वनाथ मास्तर गिटार घेऊन दिव्यांखाली आला. चंपतराव खुर्चीच्या कडेला सरकले. चार वर्षांत इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

विश्वनाथनं गिटार खुर्चीला टेकवली, पायाखालचं छोटं स्टूल नीट केलं, माइक थोडा खाली ओढला. मग तो पायऱ्या उतरला आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या जागेवर येऊन बसला. कौशल्याबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

बाजूच्या पडद्याआडून शामला आली. तिनं गिटार उचलून मांडीवर घेतली, माइककडे वाकली आणि म्हणाली, "ही गिटार माझ्या बाबांनी बनवली. आज ते इथंच बसून आहेत."