पाहुणचाराच्या कोंबड्याचं पीस

ठमाबाईचा महारोग गोळ्यांनी बरा झाला. तळहात तेवढे बधिर राहिले. लेकीला मुलगी झाली, तेव्हा वरोऱ्याच्या विहिणीने बजावलं, "रोग रक्तातून येते. तपासल्याबिगर नातीले मी नाई नेत!" त्या धाकाने ठमाबाईने नात उचललीही नव्हती. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विहिणीच्या पाहुणचारासाठी बांधलेल्या कोंबड्याचं पीस उपटलं. "रोग जंतूंमुळे होतो. रक्तातून येतो तो स्पर्श. कातडीत नसा कशा विणायच्या, हे बाळ आईबापांकडून शिकूनच येतं," म्हणत त्यांनी पीस बाळाच्या तळपायावर फिरवलं. बाळाने अशी लाथ झाडली की विहिणीचा चष्मा उडाला. "आमच्याइथी गुदगुल्या कोणालेच सोसत नाई," ठमाबाई भीतभीत बोलली. "माह्या लेकालेई नाई," विहीण चष्मा शोधत म्हणाली. "धरा नातीले." बधिर हातांनी ठमाबाईने ते पाऊल गालाला लावलं. गाल बधिर नव्हता. दुसरी लाथ तिला पुरेपूर पोचली.