माशांच्या तारखा

"डोकं कधी कधी दुखलं, त्या तारखा कुठायत?" डॉक्टर तेर्पस्त्राबाईंनी विचारलं.

हिस्केनं मान खाली घातली. अर्धशिशीत पडदे ओढून पडलेली बाई वही कसली लिहिणार! फोनमध्ये पाळीच्या तारखा होत्या, तेवढ्याच.

"पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन उतरतं. मेंदू नुसता भडकायला टपलेला असतो. गोळी त्याच्या आधी घ्यायची, पण नेमकी कधी? सहा महिने नोंद ठेवा, मग बघू."

आणखी सहा महिने! शाळेतली नोकरी आधीच टांगणीला लागलेली. हिस्केचे डोळे भरून आले.

तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, दाउवेनं, पिशवीतून वाढदिवसांचं कॅलेंडर काढलं. संडासातल्या खिळ्यावरचं!

"अरे देवा! हे इथं आणलंस?"

"असू द्या, आमचंही तिथंच असतं," डॉक्टर हसल्या.

मावश्या-काकांच्या नावांमध्ये पेनानं बारकेबारके मासे काढलेले होते. या कॅलेंडरला ना साल, ना वार. तेच वर्षानुवर्षं चालतं. म्हणून गेल्या वर्षीचे मासे निळे, यंदाचे लाल.

हिस्के भडकलीच. "हे याचे मासेमारीचे दिवस! मी तिकडे तडफडतेय आणि हा आमच्या पोरींना घेऊन कालव्यावर! बरं, दोन वर्षांत एक मासा घरी आणला असेल तर शपथ. डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा याला."

डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. हिस्केचा फोन शेजारी ठेवून त्या एकेक तारीख ताडून बघत होत्या. जवळजवळ प्रत्येक मासा पाळीच्या दोन दिवस आधीचा निघाला.

"गोळी याच महिन्यात सुरू करू," त्या म्हणाल्या. "पण दाउवे, नेमके त्याच दिवशी बरे मासे आठवतात तुम्हाला?"

दाउवे टोपी चुरगाळत बसला. बोलायचं म्हणजे त्याला संकटच.

"सकाळपासून जांभया देते ती. कपाटं आपटते. दिवा लावला की डोळे बारीक करते. मग मी पोरींना बूट घालतो. त्या घरात असल्यावर हिला पडायला मिळणार होय?"

"मग सांगायचं नाही का रे, वेड्या?" हिस्के त्याच्याकडे वळली.

"तुझ्यासाठी नेतोय म्हटलं असतं तर तू उठून बसली असतीस."

"आणि मासे?" डॉक्टरांनी विचारलं. "दोन वर्षांत एकही नाही?"

"कसा मिळेल? काठीला गळच लावलेला नाही. पोरींना टोचतो."